मनगटपट्टा आला ऑपरेशन थिएटरातून

सर्व्हरमध्ये प्रोसेसर बसवताना तंत्रज्ञ मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधतो. त्याच्या वायरीत 10 लाख ओहमचा, म्हणजे 1 मेगाओहमचा रेझिस्टर दडलेला असतो. अंगावरचा विद्युतभार वाहून जावा म्हणून तर पट्टा; मग वाटेत हा अडसर कशाला? या प्रश्नाचा माग काढत मी पोहोचलो भुलीच्या इतिहासात.

1846 साली बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल जाहीरपणे दाखवली. 1930च्या दशकात सायक्लोप्रोपेन आलं. दोन्ही ज्वालाग्राही, ऑक्सिजनमध्ये मिसळल्यावर तर स्फोटकच. कपड्यांतून उडालेल्या एका ठिणगीने रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत स्फोट पोहोचू शके. म्हणून थिएटरातून लोकर आणि नायलॉन हद्दपार झालं, बुटांच्या तळव्यांना आणि ट्रॉलीच्या चाकांना कार्बन मिसळलेलं रबर आलं, आणि जमीनही विद्युतवाहक झाली.

तिथेच मला तो आकडा भेटला. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या नियमांत या जमिनीचा सरासरी रोध 10 लाख ओहमपेक्षा कमी आणि 25 हजारांपेक्षा जास्त हवा होता. वरची मर्यादा भाराचा निचरा व्हावा म्हणून. खालची अशासाठी, की बिघडलेल्या उपकरणाला हात लागला तर डॉक्टरच्या अंगातून मोठा प्रवाह जमिनीत धावू नये. पट्ट्यातला रेझिस्टर हेच साधतो. 230 व्होल्टची तार हाताला लागली, तरी पट्ट्यातून 0.23 मिलिअँपिअरच जातो; तो बहुतेकांना जाणवतही नाही. अंगावरचा भार मात्र काही मिलिसेकंदांच्या आतच ओसरतो.

या पट्ट्याच्या जनकत्वावर दारूगोळ्याच्या कारखान्यांचा दावा याहून जुना, हे मान्य. पण तिथे लोखंडी खिळ्यांचे बूट काढायला लावत, तांब्याची अवजारं देत. ती धास्ती आघाताने उडणाऱ्या ठिणगीची. पुढे तिथेही वाहक जमिनी आल्या. तरीही चालू उपकरणांच्या गराड्यात हात आणि त्याच वेळी पाय जमिनीशी जोडलेले, हा पेच थिएटरात रोजचाच होता, आणि सर्व्हरपुढच्या तंत्रज्ञाचा पेचही हाच आहे. म्हणून मी थिएटराच्या बाजूने उभा आहे.

1956मध्ये न पेटणारं भुलीचं औषध हॅलोथेन आलं आणि थिएटरातल्या वाहक जमिनींची गरज हळूहळू सरली. 1960च्या दशकात मॉस चिप आल्या. त्यांच्यातला ऑक्साइडचा थर इतका पातळ, की माणसाला कळणारही नाही अशा ठिणगीने तो फाटतो. वाहक रबर बनवणाऱ्यांनी तेव्हा हे नवं गिऱ्हाईक धरलं असणार, असं माझं ठाम अनुमान आहे.

एएमडीच्या ईपिक या सर्व्हर-प्रोसेसरच्या एसपी3 सॉकेटात 4094 स्प्रिंगदार टोकं असतात. चौकटीचे तीन स्क्रू 1-2-3 याच क्रमाने आवळायचे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पट्ट्यावरून मात्र वाद होतो: वीजतार काढली, अर्थिंग तुटलं, मग पट्टा कशाला? याचं उत्तरही थिएटरातच आहे. त्या वाहक जमिनीचं मुख्य काम डॉक्टर, रुग्ण, टेबल, यंत्र यांना एकाच विद्युतपातळीवर आणणं हे होतं. पातळी एक, तर ठिणगी नाही. तार काढलेल्या सर्व्हरवरही पट्टा तेच करतो. फक्त क्लिप रंग न लावलेल्या धातूलाच अडकवायची, कारण रंगाचा थर वीज वाहू देत नाही.