उन्हाळ्यातली सयाजीबाग : बहावा म्हणजेच गरमाळो

सयाजीबाग, म्हणजे आपल्या बोलण्यातली कमाटीबाग, महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळात १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी उभी राहिली. विस्तार ११३ एकर. संस्थानच्या बागांसाठी महाराजांनी १८९३ मध्ये क्यू उद्यानात काम केलेले जर्मन बागतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांना आणले. पुढे ते बंगळूरच्या लालबागेत गेले. आपण मंडळी तिथे बहुधा हिवाळ्यात जातो. खरा रंग मात्र चैत्र-वैशाखात, बागेत आणि सुभानपुऱ्याहून काळ्या घोड्यापर्यंतच्या रस्त्यांवरही.

आमच्या घरांत एक गंमत दिसते. आजीला बहावा माहीत असतो, नातवाला गरमाळो. झाड एकच, पण दोघांचे बोलणे जुळत नाही. म्हणून इथे दोन्ही नावे देत आहोत.

सुरुवात कडुनिंबाने, म्हणजे लीमडोने. पाडव्याला आपण त्याची पाने गुळाबरोबर खातो. शेजारचे गुजराती कुटुंब चैत्रात त्याच्या मोराचा रस पिते. मोर म्हणजे फुलोरा. सकाळी झाडाखाली उभे राहिले की कडू झाडाचा गोड वास येतो.

बहावा ओळखताना पुष्कळांची चूक होते. पिवळे फूल दिसले की गरमाळो म्हणून मोकळे होतात. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, आणि जवळच गेल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा असतात. घोस वर उभे आणि शेंगा चपट्या तांबूस असतील तर तो पीतमोहर. बहावा फुलल्यावर दीड महिन्यात पाऊस येतो, असे जुनी माणसे सांगतात. आम्ही छत्री मात्र त्या भरवशावर काढत नाही.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण आता त्याला परका कोण म्हणेल? पाचपैकी एक पाकळी वेगळी, पांढरट आणि लाल ठिपक्यांची असते. मुलांना ती शोधायला लावा. कळीची हिरवी दले नखांवर चिकटवून वाघनखे करणे आपल्यापैकी अनेकांनी केले असेल.

शिरीषाची फुले बारीक तंतूंची, पावडर लावायच्या पफसारखी. त्यांचा वास संध्याकाळनंतर जास्त येतो.

मे महिन्यात हातगाडीवर पिवळी रायण दिसू लागते. हीच आपली खिरणी किंवा रांजण. चिकामुळे ओठ चिकटतात, त्याला इलाज नाही. झाड सावकाश वाढते, लाकूड फार कठीण, आणि नवी लागवड क्वचितच होते.

जायचे तर सकाळी आठच्या आत. नंतर ऊन सोसवत नाही. नदीचे पाणी उतरले असले तरी मुलांना काठावर जाऊ देऊ नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि त्यांच्या अंड्यांचा काळ हाच. बरोबर आजी-आजोबांना न्या. एखाद्या झाडाला तुमच्या घरी कोकणातले, देशावरचे वेगळे नाव असेल तर मंडळाला कळवा. ते या पानावर जोडू.