परसबागेतील करवंद लागवड

करवंदी ही कण्हेरीच्या कुळातील (ॲपोसायनेसी) सदाहरित, काटेरी झुडूप वर्गातील वनस्पती आहे. कॅरिसा करंडास हे तिचे शास्त्रीय नाव कार्ल लिनियस याने १७६७ मध्ये दिले. तिला संस्कृतमध्ये करमर्द, हिंदीत करौंदा व इंग्रजीत बंगाल करंट म्हणतात. थंड प्रदेशात वाढणारे युरोपीय करंट मात्र रायबीस या वेगळ्या प्रजातीतील असून त्याचा करवंदीशी आप्तसंबंध नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात आणि लोणावळा-खंडाळा परिसरात डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळ्या आपोआप वाढतात.

वर्णन

पाने समोरासमोर, चिवट व चकचकीत असतात. खोड, पान वा कच्चे फळ तोडल्यास पांढरा चीक येतो. पांढरी, सुवासिक फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात. हिरवी फळे पुढे लाल व पिकल्यावर काळी होतात.

जमीन व हवामान

करवंदी मुरमाड, हलक्या जमिनीत वाढते व उन्हाळ्यातील पाण्याचा ताण सहन करते. साचलेले पाणी मात्र तिला सोसत नाही. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने तेथे उताराची किंवा उंचवट्याची जागा निवडणे आवश्यक ठरते. झुडपाला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत फळे कमी धरतात.

अभिवृद्धी

बियांची उगवणक्षमता लवकर घटते. म्हणून पूर्ण पिकलेल्या फळांतील बी धुऊन लगेच पेरतात. बियांपासून झालेल्या झाडांत फळांचा आकार व चव यांत फरक पडतो. मातृवृक्षाचे गुण टिकवण्यासाठी पावसाळ्यात गुटी कलम करतात. दापोली येथील कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात विकसित केली आहे.

लागवड व निगा

पावसाळ्याच्या आरंभी खड्ड्यात माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावतात. फळांसाठी दोन झुडपांत सुमारे ३ मीटर, तर कुंपणासाठी सुमारे १ मीटर अंतर ठेवतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. खोडाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

छाटणी फळे उतरल्यावर लगेच करतात. फुले फांद्यांच्या टोकांशी येत असल्याने वारंवार कातरलेले कुंपण दाट होते, परंतु त्याला फळे कमी लागतात. त्यामुळे कुंपण हवे की फळे, हे आधीच ठरवणे सोयीचे असते. काटे कठीण व टोकदार असल्याने झुडूप पायवाटेपासून दूर लावतात.

फळे व उपयोग

फळे साधारणतः एप्रिलअखेरपासून जूनच्या आरंभापर्यंत पिकतात. पाऊस सुरू झाल्यावर ती पाणचट होऊन सडू लागतात. कच्च्या फळांचे लोणचे घालतात. फळांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. करवंद फोडून आतला गर लाल निघाल्यास 'कोंबडा' व फिकट निघाल्यास 'कोंबडी' म्हणण्याचा मुलांचा खेळ महाराष्ट्रात प्रचलित आहे. 'डोंगरची काळी मैना' या नावानेही हे फळ ओळखले जाते.

संवर्धन

वणवे व बांधकामासाठी होणारी जमिनीची सफाई यांमुळे रानातील जाळ्या नष्ट होतात. डोंगरातील करवंदे विकून उन्हाळ्यात उत्पन्न मिळवणाऱ्या आदिवासी कुटुंबांनाही त्याची झळ बसते. रानातील जुने झुडूप उपटून बागेत लावल्यास मुळे दुखावून ते बहुधा मरते. शिवाय भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज काढण्यास मनाई आहे. म्हणून बागेसाठी बी किंवा रोपवाटिकेतील कलम वापरणे इष्ट ठरते.