सुईनंतरचं गोंदण

पंढरपुरात माझं औषधांचं दुकान आहे. आषाढी उलटली की आठवडाभरात ठरावीक गिऱ्हाईक येतं. सुजलेला हात, त्यावर ‘विठ्ठल’ नाहीतर लेकीचं नाव आणि एकच मागणी, ‘खाज थांबंल असं कायतरी द्या.’ गोंदण वाळवंटात, बॅटरीवरच्या मशीननं काढलेलं. वर चंद्रभागेत बुडीही मारलेली. गोंदणारा तोवर पुढच्या जत्रेला गेलेला असतो.

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, हातांवर तुळस आणि गोपद्म. ती सांगायची, गोंदणारीण थंडीत यायची, पावसाळ्यात कुणी पोरीला तिच्यापुढं बसवत नसे. दिव्यावर धरलेली काजळी, तीत माक्याचा रस, दोऱ्यानं बांधलेल्या तीन-चार सुया. टोचून झालं की वरून हळद-तेल. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात यायची, हात उलटसुलट करून बघायची आणि मगच सुपातली ज्वारी पदरात घ्यायची. खपली आपोआप गळेपर्यंत त्या हाताला शेणगोठा नाही की भांडी नाहीत. एरवी सासुरवाशिणीला कुणी बसू देत नसे, पण गोंदलेल्या हाताला सुट्टी होती.

मध्य प्रदेशातल्या बैगा आदिवासींमध्ये हे काम बादी समाजाच्या बायका करत आल्या. त्यांची काजळी रामतिळाची, म्हणजे आपल्या कारळ्याची. जिन्नस बदलले तरी गोंदणारी आणि गोंदून घेणारी एकमेकींना ओळखत असत.

1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्रांचे साधे अवतार पुढं आपल्या जत्रांत आले. ओसरीवर तासभर चालणारं काम मिनिटांत उरकू लागलं. पण वेळ वाचला तो टोचण्याचा. कातडी आपल्याच गतीनं भरते. वरचा पापुद्रा धरायला दोन-तीन आठवडे लागतात, आतली कातडी त्याहून सावकाश सावरते. रंग बसतो तो या आतल्या थरात. तिथल्या पेशी तो गिळून धरतात आणि त्या मेल्या की सुटलेला रंग नव्या पेशी उचलतात, हे 2018 साली मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. गोंदण टिकतं ते या हस्तांतरामुळं.

आजीच्या काळाचे गोडवे मी गात नाही. त्याच सुया आळीतल्या सगळ्या पोरींना टोचल्या जात. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच 1989 साली, तेव्हा त्या बायकांना दोष कसा द्यायचा? आज मात्र सुई नवी, बंद पाकिटातली, आपल्या डोळ्यांदेखत फोडलेली असावी. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत, ते याच भीतीनं.

गिऱ्हाइकाला मी सांगतो, आधी स्वतःचे हात धुवा, मग सौम्य साबणानं गोंदण. चोळू नका, टिपा. मलमाचा थर पातळ ठेवा. खाज सुटली तर नख लावू नका, खपलीबरोबर रंगही निघतो. डब्यातली हळद उघड्या जखमेवर नको. नदी, विहीर, पोहण्याचा तलाव दोन-तीन आठवडे बंद. जखम भरेपर्यंत ऊन कापडानं अडवा, पुढं सनस्क्रीन लावा, नाहीतर रंग विटतो. खाजेवरचं स्टेरॉइडमिश्रित मलम लोक नावानिशी मागतात, ते मी देत नाही. पू, ताप किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली तर थेट डॉक्टरकडं धाडतो.

शहरातले चांगले स्टुडिओ आता हाच सल्ला छापील कागदावर देतात, खाली फोन नंबर असतो. गोंदणारिणीची दुसऱ्या दिवशीची फेरी अशी परत आली म्हणायची. जत्रेत ती अजून आलेली नाही. तेव्हा सुई लागण्याआधी भाव विचाराल तसं हेही विचारा, ‘आठ दिवसांनी हात दाखवायला कुठं येऊ?’ उत्तर मिळालं नाही तर बाही खाली करा.