डोव्हरची स्कूल बोर्ड निवडणूक, २००५

स्कूल बोर्ड म्हटले की बेळगाव, पुणे, सोलापूर या भागांतील जुन्या शिक्षकांना आठवते ते प्राथमिक शाळा चालविणारे नगरपालिकेचे किंवा जिल्ह्याचे मंडळ. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने घडविलेल्या या मंडळांचे सभासद सामान्य मतदाराने थेट निवडून दिलेले नसत; नगरपालिकेत ते नगरसेवकांच्या मतांनी येत. वर्गात काय शिकवायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे क्वचितच येई. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या आणि इमारतींची डागडुजी एवढ्यातच त्यांचे बहुतेक राजकारण संपे.

अमेरिकेतील स्कूल बोर्ड ही याहून फार वेगळी संस्था आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात असे सुमारे पाचशे शालेय जिल्हे आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे नऊ सभासदांचे मंडळ लोक थेट मतदानाने निवडतात, त्यांना वेतन नसते आणि मुदत साधारणपणे चार वर्षांची असते. घरपट्टी बसविण्याचा अधिकार याच मंडळाला आहे आणि क्रमिक पुस्तक मंजूर करण्याचाही. कर आणि पुस्तक या दोन्ही गोष्टी शेजारपाजारच्या नऊ माणसांच्या हाती देणारी ही व्यवस्था. ती कुठवर पुरते आणि कुठे अपुरी पडते, याचे उदाहरण म्हणून २००५ मधील डोव्हरची निवडणूक पाहण्यासारखी आहे.

डोव्हर हे यॉर्क शहराच्या वायव्येला आहे. डोव्हर आणि वॉशिंग्टन या दोन टाउनशिप व डोव्हर हे छोटे गाव मिळून हा शालेय जिल्हा होतो. शेतीचा हा भाग हळूहळू यॉर्कचे उपनगर बनत चाललेला. त्या वेळी जिल्ह्यात सुमारे ३,७०० विद्यार्थी होते आणि हायस्कूल एकच. मतदार बहुसंख्येने रिपब्लिकन आणि नेमाने चर्चला जाणारे.

वाद सुरू झाला तो जीवशास्त्राच्या पुस्तकावरून. २००४ च्या उन्हाळ्यात केनेथ मिलर आणि जोसेफ लेव्हिन यांचे नवे पुस्तक मंजुरीसाठी आले, तेव्हा मंडळाच्या अभ्यासक्रम समितीचे प्रमुख विल्यम बकिंगहॅम यांनी ते डार्विनने भरलेले आहे अशी हरकत घेतली. मंडळाच्या वकिलाने ऑगस्टमध्येच लेखी इशारा दिला होता की या वाटेने गेल्यास खटला होईल, आणि हरल्यास समोरच्या पक्षाचा खर्चही द्यावा लागेल. तरीही १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला. डार्विनच्या सिद्धान्तातील उणिवा आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’सह इतर मते यांची विद्यार्थ्यांना जाणीव करून द्यावी, असा त्याचा आशय. सजीवांची गुंतागुंत नैसर्गिक निवडीने उलगडत नाही, तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, हे या मताचे सार. विरोधी मते देणाऱ्यांपैकी दोघांनी त्याच बैठकीत राजीनामे दिले. ते पती-पत्नी होते.

या राजीनाम्यांचा परिणाम दुहेरी झाला. रिकाम्या जागांवर माणसे नेमण्याचा अधिकार उरलेल्या मंडळाकडेच होता, त्यामुळे मंडळ एकाच विचाराचे झाले. मात्र नेमलेल्या सभासदाला पुढील स्थानिक निवडणुकीत मते मागावीच लागतात. म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये नऊपैकी आठ जागा एकदम मतदानाला आल्या. एरवी असे मंडळ एका दिवसात बदलत नाही.

त्याआधी वर्गात जे घडले त्याला प्रस्तुत लेखक निवडणुकीइतकेच महत्त्व देतो. नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला चार परिच्छेदांचे एक निवेदन वाचून दाखवावे, असा मंडळाचा आदेश होता. जानेवारी २००५ मध्ये विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचण्यास लेखी नकार दिला. त्यांनी ना धर्माचा आधार घेतला ना राजकारणाचा. शिक्षकाने आपला विषय जाणूनबुजून चुकीचा मांडू नये, असे सांगणारी राज्याची व्यावसायिक आचारसंहिता त्यांनी पुढे केली. अखेर प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन निवेदन वाचले आणि तेवढा वेळ शिक्षक बाहेर थांबले. नोकरीत असलेल्या माणसाने वरिष्ठांना असे कळविणे किती कठीण असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

१४ डिसेंबर २००४ रोजी अकरा पालकांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. त्याच सुमारास नागरिकांचा एक गट निवडणुकीसाठी उभा राहिला. ‘डोव्हर केअर्स’ हे त्याचे नाव. पेनसिल्व्हेनियात शाळा-मंडळाचा उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत अर्ज भरू शकतो. मे २००५ च्या फेरीत विद्यमान सभासदांना रिपब्लिकन उमेदवारी मिळाली आणि विरोधी गटाला डेमोक्रॅटिक. नव्या गटातील काही जण स्वतः रिपब्लिकन होते, तरी मतपत्रिकेवर त्यांच्यापुढे विरुद्ध पक्षाचे नाव लागले. डोव्हरसारख्या ठिकाणी हे ओझे लहान नव्हते.

या गटाच्या प्रचाराची मांडणी नीट पाहिली पाहिजे. त्यांनी देवाविरुद्ध एक शब्द काढला नाही. इंटेलिजंट डिझाइनची चर्चा ऐच्छिक विषयात, धर्म किंवा तत्त्वज्ञान शिकविताना अवश्य व्हावी, विज्ञानाच्या तासाला नको, एवढेच ते म्हणत होते. त्यांचा एक उमेदवार तर दाव्यातील फिर्यादीच होता. पूर्वी तो याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि चर्चमधील मुलांच्या वर्गालाही शिकवी. त्यामुळे श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक असे त्या लढतीचे जे चित्र बाहेरच्या वृत्तपत्रांनी रंगविले ते गावात कोणाला ओळखीचे वाटले नसावे. एकाच चर्चच्या बाकांवर बसणारे लोक दोन्ही बाजूंना होते.

खटला हॅरिसबर्ग येथे २६ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाला. फिर्यादींचे पहिले साक्षीदार पुस्तकाचे लेखक मिलर हेच होते, आणि ते स्वतः कॅथलिक. साक्षीपुराव्यात एक गोष्ट हळूहळू उघड झाली. शाळेच्या ग्रंथालयाला ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाच्या साठ प्रती ‘देणगी’ मिळाल्या होत्या. देणगीदार कोण ते ठाऊक नाही असे सभासद आधी सांगत होते. प्रत्यक्षात बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये ८५० डॉलर गोळा केले होते आणि ते दुसरे सभासद अ‍ॅलन बॉन्सेल यांच्या वडिलांच्या नावे धनादेशाने गेले होते. त्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत जिथे ‘सृष्टिनिर्मितीवादी’ असा शब्द होता, तिथे १९८७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘डिझाइनचे समर्थक’ असा शब्द घातल्याचेही बार्बरा फॉरेस्ट यांनी साक्षीत दाखविले. एका मसुद्यात तर हे दोन्ही शब्द अर्धवट एकमेकांत मिसळून राहिले होते.

सुनावणी संपली शुक्रवारी, ४ नोव्हेंबरला. मतदान झाले मंगळवारी, ८ नोव्हेंबरला. आठही विद्यमान सभासद पराभूत झाले. एका मतदान केंद्रावरील यंत्रातील बिघाडामुळे एका जागेसाठी तेथे ३ जानेवारी २००६ रोजी फेरमतदान घ्यावे लागले, आणि त्यातही नवा उमेदवारच आला.

न्यायालयाने फटकारले म्हणून लोकांनी मंडळ बदलले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. क्रम उलटा आहे. न्यायाधीश जॉन जोन्स यांचा १३९ पानांचा निकाल आला २० डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे मतदानानंतर बरोबर सहा आठवड्यांनी. मतदारांपुढे निकाल नव्हता; होत्या त्या रोज वृत्तपत्रांत येणाऱ्या साक्षी. तथापि या विजयाला प्रचंड कौल म्हणणेही बरोबर नाही. पॅनेल सगळे आले, पण मतांतील फरक थोडा होता. जवळजवळ अर्धे मतदार जुन्या मंडळाच्या बाजूने उभे राहिले. काही शे मते इकडची तिकडे गेली असती तर? शिकविण्याच्या विषयाचा खरेखोटेपणा इतक्या थोड्या मतांवर सोडता येत नाही, हे निवडणुकीत जिंकलेल्यांनाही कळत असले पाहिजे. फिर्यादी पालकांनी मतदानाची वाट न पाहता न्यायालय गाठले, ते म्हणूनच.

पण मतपेटीने एक काम असे केले जे न्यायालय करू शकत नव्हते, आणि त्याची किंमतही मोजली. जोन्स यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे आणि मंडळाचा हेतू धार्मिक होता असा निर्णय दिला. सभासदांनी शपथेवर खोटे सांगितल्याचेही नोंदविले. (हे न्यायाधीश रिपब्लिकन असून राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २००२ मध्ये नेमलेले. निकालानंतर धमक्या आल्याने त्यांना काही काळ संरक्षण द्यावे लागले.) जुने मंडळ असते तर अपील झाले असते. नव्या मंडळाने जानेवारी २००६ मध्ये धोरण रद्द केले आणि अपील केले नाही. डोव्हरमधील भांडण तेथेच मिटले. परंतु अपीलच न झाल्यामुळे हा निकाल प्राथमिक न्यायालयाचाच राहिला. तो फक्त त्या पक्षकारांना बांधील. वरच्या न्यायालयाने तो कायम केला असता तर पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि डेलावेअर या तिन्ही राज्यांना लागू झाला असता. तरी त्याचे वजन पडले. फेब्रुवारी २००६ मध्ये ओहायोच्या राज्य शिक्षण मंडळाने आपला असाच पाठ मागे घेतला. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनेडी खटल्यात, जोन्स यांनी वापरलेली १९७१ ची ‘लेमन’ कसोटी बाजूला सारली. त्या निकालाचा एक आधार त्यामुळे सैल झाला आहे.

राहिला खर्च. जुन्या मंडळाची बाजू एका संस्थेने विनाशुल्क लढविली होती, आणि सभासद तेवढ्यावर निश्चिंत होते. पण नागरी हक्कांच्या दाव्यात हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या वकिलांचे शुल्क द्यावे लागते. वकिलाने २००४ मध्ये सांगितले होते ते हेच. फिर्यादींच्या वकिलांचा हक्क वीस लाख डॉलरांहून अधिक रकमेवर होता. जिल्हा लहान आहे आणि ज्यांनी हे केले त्यांना लोकांनी घरी पाठविले आहे, म्हणून त्यांनी निम्म्याहून कमी रकमेवर तडजोड केली. २१ फेब्रुवारी २००६ रोजी नव्या मंडळाने दहा लाख अकरा डॉलर देण्याचे मंजूर केले. वरचे अकरा डॉलर म्हणजे अकरा पालकांची नाममात्र भरपाई, प्रत्येकी एक.