तबकडीवरची बारीक अक्षरे

‘बोडक्या डोंगरावरील रात्र’ या रचनेच्या तबकडीवर मुसॉर्गस्कीचे नाव ठळक असते; रिम्स्की-कोर्साकोव्हचे असलेच तर बारीक अक्षरांत. आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो ते काम मात्र बहुतांशी या दुसऱ्याच्या हातचे.

मुसॉर्गस्की सरकारी कचेरीतला नोकर. त्याने ही रचना १८६७ साली लिहिली. मंडळाचे म्होरके बालाकिरेव्ह यांना ती रुचली नाही, आणि १८८१ साली कर्ता वारला तोवर ती एकदाही वाजली नाही. मग रिम्स्कीने त्याच्या कागदांतून ती नव्याने बांधली. १८८६ साली ती सभागृहात वाजली आणि जगभर गेली.

हा रिम्स्की मूळचा आरमारी अधिकारी. १८७१ साली प्राध्यापक नेमला गेला, तेव्हा आपल्याला शास्त्र येत नाही हे ओळखून तो स्वतःच अभ्यासाला बसला. शाळेबाहेर शिकलेल्या आम्हांला तो म्हणूनच जवळचा वाटतो. पण असा कष्टाने शिकलेला माणूस दुसऱ्याचा धसमुसळेपणा सोसत नाही, हेही आम्ही पाहिले आहे! मित्राचे ओबडधोबड सूर त्याने घासूनपुसून गुळगुळीत केले. लबाडी मुळीच नव्हती. त्याच्यावाचून ही रचना कपाटातच पडून राहिली असती.

मूळ लिखाण छापून निघाले ते १९६८ साली. क्लाउदिओ आबादो यांनी १९८० मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून ते ध्वनिमुद्रित केले. रिम्स्कीच्या बांधणीत अखेरीस घंटा वाजते, पहाट होते. या तबकडीत पहाट नाही. चेटकिणींचा धुमाकूळ शेवटच्या सुरापर्यंत चालूच राहतो.