कॉलेज पार्कची रात्र आणि तिचे आख्यान

काही घटना एकदाच घडतात; त्यांचा अर्थ मात्र पुढील पिढ्या पुन्हा पुन्हा लावत राहतात. १९ मार्च १९६६ रोजी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क येथे झालेला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा राष्ट्रीय अंतिम सामना ही अशीच एक घटना होय.

एका बाजूला होता अडॉल्फ रप या ख्यातनाम प्रशिक्षकाचा, तोवर चार वेळा विजेता ठरलेला केंटकी विद्यापीठाचा संघ. त्यातील सर्व खेळाडू गोरे होते. समोर होते मेक्सिकोच्या सीमेवरील एल पासो शहराचे टेक्सास वेस्टर्न महाविद्यालय. त्याचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी प्रारंभीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय निवडले. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी झाले नव्हते. त्या रात्री त्यांच्या बाजूने जे सात जण खेळले, ते सर्व कृष्णवर्णीयच होते. टेक्सास वेस्टर्नने हा सामना ७२-६५ असा जिंकला.

कृष्णवर्णीय खेळाडूंकडे चपळाई असते, पण शिस्त आणि संयम नसतो, असा समज तेव्हा रूढ होता. या सामन्याचे आकडे त्याला परस्पर उत्तर देतात. खेळ चालू असताना केंटकीने २७ वेळा चेंडू जाळीत टाकला, टेक्सास वेस्टर्नने २२ वेळा. निकाल ठरला तो फ्री थ्रोवर. प्रतिपक्षाच्या नियमभंगानंतर मिळणारी ही फेक खेळाडूला एकट्याने, थांबून, सर्वांच्या नजरा अंगावर घेत करावी लागते. टेक्सास वेस्टर्नने अशा ३४ फेकींपैकी २८ साधल्या. केंटकीला मिळाल्या १३ आणि साधल्या ११. ज्या संयमाविषयी शंका घेतली जात होती, त्याच संयमाने सामना जिंकून दिला.

नवल असे, की त्या वेळच्या अनेक वृत्तांतांत वर्णाचा उल्लेखही नाही. आपण फक्त आपले सर्वोत्तम पाच खेळाडू उतरवले, असेच हॅस्किन्स पुढेही सांगत राहिले. 'एका रात्रीत इतिहास बदलला' हे आख्यान नंतर आकाराला आले आणि २००६ च्या 'ग्लोरी रोड' या चित्रपटाने ते सर्वदूर नेले. हॅस्किन्स एल पासोला आले १९६१ मध्ये. चित्रपटात मात्र त्यांचे पहिलेच वर्ष विजेतेपदाचे ठरते. कथेला असा संक्षेप सोयीचा असतो.

इतिहास इतका आटोपशीर नसतो. १९६३ मध्ये विजेत्या ठरलेल्या शिकागोच्या लोयोला संघाच्या पहिल्या पाचांत चार कृष्णवर्णीय होते. केंटकीच्याच आग्नेय विभागात पेरी वॉलेस हा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू व्हँडरबिल्टकडून मुख्य संघात खेळला तो १९६७-६८ च्या हंगामात, आणि प्रेक्षकांच्या शिव्या सोशीतच. खुद्द केंटकीच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरायला १९७० साल उजाडावे लागले. ज्या महाविद्यालयाने हा विजय मिळवला, तेथील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या उपेक्षेवर १९६८ मध्येच 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने सविस्तर लिहिले. करंडक महाविद्यालयात आला, म्हणून त्यांना तेथे बरोबरीचे स्थान मिळाले असे नव्हे.

म्हणून त्या रात्रीचे मोल उणावते काय? मुळीच नाही. परंतु सारे श्रेय एका रात्रीला दिले, की तिच्या आधी झुंजलेले आणि तिच्यानंतरही अपमान सोसणारे दोघेही आख्यानाबाहेर पडतात. साहित्याच्या अभ्यासकाने विजयकथा वाचताना ती कोणाला वगळून सुबक झाली आहे, हेही पाहावयास हवे.