मास्तरांचे मत आणि डेव्हिड मार्शल

बगदादी यहुदी कुळातील वकील डेव्हिड मार्शल 1955 साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले, हे आपणांस ठाऊक असेलच. लगेच 12 मे रोजी हॉक ली बस संपाची दंगल पेटली. चिनी शाळांतील मुले संपकऱ्यांबरोबर होती. वर्गात राजकारण शिरले, अशी ओरड झाली. मार्शलनी सर्वपक्षीय समिती नेमली. चारही भाषांच्या शाळांना सारखे वागवा, असे तिने 1956 मध्ये सांगितले. दुखणे उपेक्षेचेही होते!

2024 साली तेथेच गाझावरील पाठावरून पालक रागावले. शिक्षणमंत्री चान चुन सिंग यांना खुलासा करावा लागला. अशा वर्गात आपलीही मुले बसतात. मास्तरांनी आपले मत ‘माझे’ म्हणून खुशाल सांगावे. मुलाचे गुण त्यावर ठरवू नयेत, एवढेच आमचे मागणे.